विसाव्यावरचा दिवा

ही घटना खरी आहे.

ज्याच्या बाबतीत ती घडली तो माणूस निर्व्यसनी आहे, बी.एस्सी. झालेला आहे आणि ठाण्यातल्या एका सोसायटीचा बरीच वर्षं बिनविरोध खजिनदार आहे. तो कधी खोटं बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

या प्रकरणात तो दोनदा बोलला. ते पुढे येईलच.

जागा पोलादपूर तालुक्यातली. महाबळेश्वरचा घाट लागायच्या आधी एक फाटा आत जातो, त्या फाट्यावरून बरंच वर गेलं की एक वाडी आहे. तिचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की शनिवार-रविवारी लोक कॅमेरे घेऊन जातात, आणि मग तिथे भूत टिकेल याची खात्री देता येत नाही.

रात्र म्हणावी तर पुरती रात्रही झाली नव्हती. अशा गोष्टी अमावस्येला, मध्यरात्री घडाव्यात असा संकेत आहे. ही घडली गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी. ठाण्यात लोक मालिका बघत असतात त्या वेळेला.

माणसाचं नाव सुहास उतेकर. रंगांच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. निवृत्तीचे आलेले सगळे पैसे त्याने एका स्वप्नात घातले होते, आणि ते स्वप्न त्याच्या गाडीच्या मागे जोडलेलं होतं.

कॅम्पिंगचा ट्रेलर.

दिसायला बुटकी पत्र्याची पेटी. मुक्कामाला पोचलं की बाजूचा दांडा फिरवायचा. छत वर येतं, दोन्ही अंगांनी पलंग बाहेर सरकतात, कापडी भिंती ताणल्या जातात आणि पेटीची खोली होते. खाली लिथियमची बॅटरी. वर सोलर पॅनल. पोटात पाण्याची टाकी आणि बाहेरच्या बाजूला एक नळ. वीजजोडणी नको, विहीर नको, शेजार नको. 'कोणावरही अवलंबून नाही' हे वाक्य सुहासने आपल्या माहितीपत्रकात तीन ठिकाणी घातलं होतं.

अशा चार-पाच पेट्या वाडीखालच्या सपाटीवर मांडायच्या आणि शहरातल्या लोकांना शांतता भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत होता. जमीन भावकीची, सामाईक. त्यामुळे भावकीचा होकार हवा होता.

अडचण एकच होती. ती सपाटी म्हणजे विसावा.

वाडी वर, मसणवट खाली नदीकाठी. वाडीतलं माणूस गेलं की तिरडी पायवाटेने उतरवतात आणि या सपाटीवर टेकवतात. खांदेकरी दम घेतात, खांदा बदलतात, तिथल्या धोंड्यावर पाणी सोडतात आणि पुढे निघतात. पिढ्यानपिढ्या तिथे कोणी घर बांधलं नाही, गुरं बसवली नाहीत, लघवीलाही कोणी थांबलं नाही. म्हणूनच ती जागा इतकी स्वच्छ, मोकळी आणि निसर्गरम्य राहिली होती. सुहासच्या डोळ्यांत ती भरली ती याच गुणांमुळे.

शिवाय जेसीबीने काढलेला कच्चा रस्ता तिथवर येऊन संपत होता, आणि अख्ख्या डोंगरात फोनला रेंज मिळत होती ती फक्त तिथेच.

त्या शनिवारी दुपारी सुहास आणि त्याची बायको उज्वला वाडीत भागोजीकाकांच्या ओटीवर बसले होते. भागोजी म्हणजे सुहासचे सख्खे चुलते. भावकीत त्यांचा शब्द चालायचा, कारण ते फार कमी बोलायचे.

"तिथं मुक्काम कोन करीत नाय रे," भागोजी म्हणाले.

"म्हणूनच मी करणार आहे, काका. आजची एक रात्र. काही झालं तर मीच सकाळी सांगेन, नको म्हणून. गाडी जोडीन आणि जाईन."

"आनि नाय झालं तर?"

"तर तुम्ही हो म्हणायचं."

भागोजींनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "बरं. सकाळी बसू सगळी."

काकांच्या पत्नी साळूकाकी चहा घेऊन आल्या. त्यांनी पाण्याहून येता-येता खालची पेटी बघितली होती. "त्या खुराड्यात निजनार तुमी दोघं? कोंबडी डालतो तशी?"

उज्वला हसली. "मी सांगून बघितलं, काकी."

"तू सांगून काय व्हतंय गो. ह्यांच्या खानदानात बायकांचं ऐकायचा रोगच नाय." मग काकी सुहासकडे वळल्या. "हे बघ. निजायचं तर नीज. पन धोंड्यावर तांब्याभर पानी ठेव. तिथं टेकनारं मानूस तहानलेलं असतंय."

"काकी, पाणी मोजून आणलंय महाडहून," सुहास म्हणाला.

म्हणाला, आणि मग त्याला ओटीच्या कोपऱ्यातले हंडे दिसले. मे महिना होता. वाडीतल्या बायका पाण्याला दोन टेकड्या ओलांडून जात होत्या. चहा मात्र पूर्ण कपभर होता.

काकींनी बशी पुढे सरकवली.

"आनि एक," भागोजी म्हणाले. "नाव घेऊन हाक आली तर ओ देऊ नको. कोनाचा पन आवाज असू दे. तिथं थकलेली मानसं येत्यात."

सुहासने मान डोलावली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांसमोर डोलवावी तशी.

निघताना अंगणात चंदन भेटला. शेजारचा मुलगा, मुंबईत टॅक्सी चालवायचा, लग्नासाठी गावी आलेला. वाऱ्याने तारेवर झाड पडलं होतं आणि दोन दिवस वाडीत वीज नव्हती. सगळ्यांचे फोन मेले होते.

"दादा, तुमच्या बॅटरीवर दोनचार मोबाइल लावू काय? खाली घेऊन येतो."

"लावू ना," सुहास म्हणाला. "पण आज नको. इन्व्हर्टरवरचा लोड बघावा लागतो. उद्या बघू."

लोड बघावा लागत नव्हता. पण हे आपण त्याच्या त्या दोन खोट्यांत धरलेलं नाही. याला व्यवहार म्हणतात.

संध्याकाळी सुहासने दांडा फिरवला. छत वर आलं. पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी ठेवून त्याने पेटी चारही बाजूंनी समतल केली. छताच्या कडेने दिव्यांची पट्टी लावली होती, तिचं बटण दाबलं.

सगळा डोंगर काळा. वर वाडी काळी. मध्ये ही एक पेटी, पांढरी, लखलखीत.

"लांबून किती छान दिसत असेल," तो म्हणाला.

"लांबूनच," उज्वला म्हणाली आणि आत भात लावायला गेली.

फोनच्या पडद्यावर बॅटरी चौऱ्याण्णव टक्के दाखवत होती. सुहासने फोन समोर धरून एक व्हिडिओही घेतला. 'मित्रांनो, मी या गोष्टी मानत नाही. जगात असं काही नसतं. असतं ते आपल्या मनात.' चांगला दोन मिनिटांचा झाला.

मग वारा पडला.

आधी ते लक्षात आलं नाही. दिवसभर वाहत होता म्हणून थांबल्यावर बरंच वाटलं.

मग रातकिडे थांबले…

एकदम. कोणीतरी आत आल्यावर वर्ग गप्प होतो तसे.

सुहासने वर बघितलं.

वाडीकडून येणाऱ्या पायवाटेवर एक लाल ठिपका होता. हलणारा. खाली येणारा.

त्याने चष्मा पुसला.

ठिपका म्हणजे टेंभा होता. टेंभ्याच्या उजेडात माणसं होती. चार असावीत. एकापुढे एक, खांद्यावर आडवा बांबू. बांबूखाली काहीतरी लोंबत होतं…

कोणी बोलत नव्हतं. कोणी रडत नव्हतं. नुसता श्वास ऐकू येत होता. हूं… हूं… हूं…

अंधार पडल्यावर प्रेत काढत नाहीत, हे सुहासला ठाऊक होतं. त्या वाटेने खांद्यावरून काय उतरतं, हेही ठाऊक होतं. आणि आज वाडीत कोणी गेलेलं नाही, हे तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मग ही कोण?

विज्ञान अशा वेळी पायांतून निघून जातं.

ती माणसं सरळ वाटेने नदीकडे गेली नाहीत. ती थांबली. टेंभा इकडे वळला.

ती उजेडाकडे येत होती.

सुहास आत शिरला. कापडी दाराची चेन वरपासून खालपर्यंत ओढली. आणि मुख्य बटण बंद केलं.

"काय झालं?" उज्वलाने विचारलं. अंधारात भाताची वाफ तेवढी होती.

"गप्प."

"अहो, काय झालं?"

"उज्वला, प्लीज. गप्प."

पावलं आली. अनवाणी, जड. पेटीपासून हातभर अंतरावर थांबली. मग काहीतरी जमिनीवर टेकवलं गेलं. हळू, जपून.

बराच वेळ नुसता श्वास.

मग…

"सुहास…"

आवाज भागोजीकाकांचा होता. हुबेहूब.

सुहासने उज्वलाच्या तोंडावर हात ठेवला.

"सुहास… ए सुहास… हाय काय रे?"

उज्वलाने त्याचा हात बाजूला केला. तिच्या तोंडून हवाच निघाली. "काका आहेत."

"काका नाहीत ते."

"मग कोण आहे?"

त्याने तिचं मनगट धरलं.

बाहेरून कापडावर एक हात टेकला. कापड आत आलं. तळवा दिसला, पाच बोटं दिसली. हात चाचपडत खाली सरकला. दार कुठून उघडतं ते त्याला कळत नव्हतं. कापड, कापड, पुन्हा कापड.

"सुहास, सोड मला," उज्वला म्हणाली. गावात आल्यावर ती 'अहो' म्हणते. ठाण्यात 'सुहास'. त्या क्षणी ती ठाण्यात होती.

त्याने सोडलं नाही. दुसऱ्या हाताने चेनचं टोक घट्ट धरून ठेवलं.

ती ओरडू शकली असती. ओरडली नाही. तिच्या वाटणीची लाज तिने वेगळी ठेवली आहे, त्यात आपण पडू नये.

बाहेर कुजबुज झाली. बांबू करकरला. पावलं कच्च्या रस्त्याने खाली निघाली. हूं… हूं… हूं… लांब जात, लांब जात, विरली.

सुहासने श्वास सोडला.

उज्वला त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

आणि तेव्हा… अगदी जवळ… पेटीच्या बाहेरच्या अंगाला, नळ आहे तिथे…

"बाळा…"

बाईचा आवाज. थकलेला. घशात कोरड पडलेला.

"बाळा… घोटभर…"

"ऐकलंस?" सुहासने विचारलं.

"काय?"

"बाई. पाणी मागतेय."

"कोणी नाही आहे," उज्वला म्हणाली. "गेले ते."

नळाची तोटी फिरली. तिचा बारीक किरकिराट त्याला माहीत होता, नवीन होती ती. मग टाकीतून पाणी सुटलं. नळीतून वाहायला लागलं. गुळगुळ… गुळगुळ…

सुहास कान लावून ऐकत होता. काहीतरी कमी होतं. काय, ते त्याला जरा वेळाने कळलं.

पाणी सुटल्याचा आवाज होता. पडल्याचा नव्हता.

कितीतरी वेळ ते तसंच चाललं. मग टाकीने शेवटचा उसासा टाकला. आणि पेटी, जी त्याने बुडबुडा बघून समतल केली होती, ती नळाच्या बाजूने किंचित वर आली. कोणीतरी टेकून बसलेलं उठावं तशी.

रातकिडे पुन्हा सुरू झाले.

दोघांपैकी कोणी जेवलं नाही. कोणी झोपलं नाही.

उजाडल्यावर सुहास बाहेर आला. नळ पूर्ण उघडा होता. टाकी रिकामी. त्याने नळाखालची माती चिमटीत घेतली.

कोरडी. पिठासारखी कोरडी.

नळ रात्री नीट बंद केला नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. माती उन्हाने वाळली असेल, असंही सांगितलं. ऊन अजून डोंगराआड होतं.

बॅटरी एक्क्याण्णव टक्के होती.

त्याने तोंड पुसलं, शर्ट बदलला. कारण आता भावकी बसायची होती. निवृत्तीचे पैसे, माहितीपत्रक, चार-पाच पेट्या, सगळं त्या बैठकीवर टांगलेलं होतं. रात्री जे झालं ते सांगितलं तर सगळं तिथेच संपणार होतं. न सांगितलं तर कोणाला काही कळणार नव्हतं.

उज्वला बरोबर चढत होती. मनगटावर चार बोटांचे वळ होते. ती बाही ओढून घेत होती.

"तिथे जाऊन काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"बघू."

भागोजींच्या अंगणात माणसं जमली होती. पुरुष होते, बायकाही होत्या. ओटीच्या पायरीवर चंदन डोकं धरून बसला होता. कोणी बोलत नव्हतं. सुहासला वाटलं, बैठक गंभीर आहे. म्हणजे विषय गांभीर्याने घेतलेला आहे.

तो मधोमध उभा राहिला.

"मंडळी, मी थोडक्यात सांगतो. काल मी विसाव्यावर मुक्काम केला. रात्र अगदी छान गेली. कोणी आलं नाही. कोणी हाक मारली नाही. काहीही झालं नाही. तेव्हा मनातली भीती काढून टाका, एवढीच विनंती."

हे पहिलं.

एक बाई तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

घरातून भागोजी बाहेर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड. डोळे लाल, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले.

"कोन नाय आलं?" त्यांनी विचारलं. विचारण्यात काही खोच नव्हती. रात्रभर जागलेला माणूस विचारतो तसं विचारलं.

"नाही, काका," सुहास म्हणाला. त्यांच्या पायांकडे बघत म्हणाला.

चंदनने डोकं वर केलं. "दादा, आमी आलो व्हतो ना. चौघं. साळूकाकीला घेऊन."

सुहासची नजर भागोजींच्या पायांवरच राहिली.

"दिवेलागनीला काकीला वारं गेलं. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. फोन सगळे बंद. झोळी केली नि निघालो. वरून तुमचा दिवा दिसला. म्हटलं झालं काम, गाडी हाय, फोन हाय. नुसतं धावत उतरलो. आनि जवळ आलो तर…" तो थांबला. त्याने सुहासकडे बघितलं, मग खाली बघितलं. "जवळ आलो तर दिवा इझला."



"मला झोप लागली होती," सुहास म्हणाला. "रक्तदाबाची गोळी घेतो मी. तिने झोप येते."

हे दुसरं.

उज्वला बाजूलाच उभी होती. तिने मान वळवून वाडीखालच्या झाडांकडे बघायला सुरुवात केली आणि बघतच राहिली.

"काकी कुठे आहेत?" सुहासने विचारलं.

"महाडला. सरकारी दवाखान्यात," चंदन म्हणाला. "डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर नेली. तिथं पन गाडी मिळंना. मग भाजीचा टेम्पो भेटला. त्यात घातली. मी कोनाची तरी बाइक मागून काकांना घेऊन परत आलो, कार्ड पायजे म्हनून."

आता शिव्या पडतील, असं सुहासला वाटलं. पडाव्यात असंही वाटलं. एखादा धावून येईल, कॉलर धरेल. त्याने कॉलर जराशी सैलही केली.

पण भागोजी पुढे आले, आणि सगळ्यांना उद्देशून बोलले.

"त्याला कोन काय बोलू नका. चूक माजी हाय. मीच त्याला सांगितलं व्हतं, हाक आली तर ओ देऊ नको. कोनाचा पन आवाज असू दे म्हनून." त्यांनी सुहासच्या पाठीवर हात ठेवला. "शहरातली पोरं ऐकत नाय म्हंत्यात. ह्यानं ऐकलं."

ते मनापासून बोलत होते. टोमणा मारायला लागतं तेवढं बळही त्यांच्यात उरलेलं नव्हतं.

सुहासने गाडी काढली. भागोजी पुढे बसले, चंदन आणि उज्वला मागे. विसाव्यावरून निघताना पेटी तशीच उघडी उभी होती. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. गाडीच्या चार्जरला चंदनचा फोन लावलेला होता. तो चालू झाल्याचा टिंग आवाज आला तेव्हा सुहास दचकला.

पोलादपूर मागे पडलं. महामार्ग आला. सुहासला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारली तर झोपेची गोळी खोटी ठरत होती.

तरी त्याने विचारली.

"काका… काल तुमच्याबरोबर बाई कोण होती?"

"बाई कोन नाय. शेजारची भागूबाई निघाली व्हती, तिला वाटेतनं परत धाडली. रातची कुठं येनार."

"मग काकी काही बोलल्या का? तिथे? पाणी वगैरे?"

भागोजींनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मागे चंदनही बघत असावा.

"तिची जीभ घरातच पडली, सुहास. एक शब्द नाय निघाला. अजून नाय."

गाडी चालत राहिली.

"नळाला कोणी हात लावला होता? पेटीच्या?"

"नळ कुठं हाय तेच ठावं नाय. दार गावंना, तर नळ कुठला." जरा वेळाने ते म्हणाले, "एक वंगाळ झालं. जित्या मानसाला तिथं टेकवत नसतात. आमी कधी टेकवलं नाय. दवाखान्यात न्यायचं मानूस आमी विसाव्यावरनं न थांबता नेतो, खांदा चालता-चालता बदलतो. काल दिवा दिसला म्हनून टेकवली. आनि घाईत तांब्या पन नव्हता. धोंडा कोरडाच ऱ्हायला."

महाड आलं.

दवाखान्यात साळूकाकी खिडकीशेजारच्या खाटेवर होत्या. काल चहा देणाऱ्या त्या याच, हे सांगावं लागलं असतं. अर्धा चेहरा ओघळला होता. उजवा हात चादरीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. डोळे मात्र चालू होते. ते सुहासवर येऊन थांबले.

डॉक्टर तरुण होता. "जरा आधी आणलं असतं तर…" एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला. त्याला घाई होती. वाक्य पुरं करायची गरजही नव्हती.

सुहासच्या हातात पाण्याची बाटली होती. खाली टपरीवर घेतलेली. काकी बाटलीकडे बघत होत्या.

त्याने झाकण फिरवलं. तो वाकला.

"ओ, पाणी नका देऊ," सिस्टर टेबलावरूनच म्हणाली. "त्यांना गिळता येत नाही. ठसका लागेल. एक थेंबसुद्धा नको."

सुहासने झाकण लावलं. बाटली कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी त्याने ती पाठीमागे धरली, आणि तसाच खाटेशी उभा राहिला.

काकींचे डोळे बाटली गेली त्या दिशेला बघत राहिले.

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. आवाज नाही आला. पण सुहासला तो आला. काल आला होता तोच. तेच दोन शब्द.

साळूकाकी आहेत. वाडीतच आहेत. ओटीवर बसतात. बोलणं परत आलेलं नाही. भागूबाई चमच्याने भरवते.

पावसाळा संपल्यावर चंदनचा फोन आला होता. भावकीने होकार दिलाय म्हणाला. "काका म्हनले, तो म्हनला काय झालं नाय, मग आपन शब्द दिलाय. या दादा, कधी येताय?"

सुहासने अजून कळवलेलं नाही.

ट्रेलर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिटून ठेवलेला आहे. दिवाळीत एकदा सुहासने त्याची टाकी भरली, नळ घट्ट केला, फडक्याने आवळला. सकाळी टाकी रिकामी होती. खाली फरशी कोरडी. त्याने वॉचमनला विचारलं, रात्री कोणी आलं होतं का. कोणी नाही आलं, वॉचमन म्हणाला. हे वाक्य सुहासला ओळखीचं वाटलं. पुन्हा त्याने टाकी भरलेली नाही. मात्र झोपताना तो तांब्याभर पाणी खाली नेऊन ट्रेलरच्या दांड्यापाशी ठेवतो. सोसायटीत सांगितलंय की मांजरासाठी ठेवतो.

गेल्या महिन्यात उज्वलाने भयकथांच्या एका पानावरची गोष्ट त्याला वाचून दाखवली. ती हल्ली त्याच्याशी फार बोलत नाही, पण ही तिने मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत, मध्ये न थांबता.

पोलादपूरच्या डोंगरात एक विसावा आहे, असं त्यात लिहिलं होतं. तिथे अंधारात एक पांढरा दिवा दिसतो. अडल्यानडल्या माणसालाच दिसतो. माणूस आशेने धावत जातो. जवळ पोचला की दिवा विझतो, आणि आतून कोणीतरी श्वास रोखून ऐकत असल्याचं जाणवतं. लिहिणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की त्याच्या मामेभावाने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आहे. खाली तीनशे लोकांनी विचारलं होतं, कसला दिवा असेल तो.

बारा व्होल्टची एलईडी पट्टी आहे. पाच मीटर, पांढरी. तिची वॉरंटी अजून शिल्लक आहे.